स्विचला शेजारी ओळखायला लावताना: एलएलडीपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॅकसमोर उभं राहून "ही केबल नेमकी जाते कुठे?" असं ज्याने कधी विचारलं नाही, त्याने नेटवर्कचं काम केलेलंच नाही. लेबलवरची शाई उडालेली असते, भिंतीवरचा नकाशा दोन इंजिनिअरांपूर्वीचा असतो, आणि ज्या माणसाला सगळं ठाऊक होतं तो नोकरी सोडून गेलेला असतो. अशा वेळी सरळ स्विचलाच विचारावं. पण त्याला आधी शेजाऱ्यांची ओळख करून घ्यायला सांगावं लागतं. ही ओळख एलएलडीपी (लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल) या बोलीतून होते. त्याबद्दल मला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

एक सूचना आधीच: कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. कन्सोलवर तेच शब्द रोमन लिपीत टाइप करायचे. मुख्य उदाहरण सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचचं आहे, कारण बहुतेक प्रश्न त्याच्याबद्दलच येतात.

एलएलडीपी नेमकं करतं काय?

स्विचच्या प्रत्येक पोर्टमधून ठरावीक वेळाने एक छोटी फ्रेम (माहितीचं पाकीट) बाहेर पडते. मी कोण, हा पोर्ट कोणता, आणि ही माहिती किती सेकंद खरी मानायची, एवढं तिच्यात असतं. पलीकडचं यंत्र ती वाचतं, स्वतःच्या तक्त्यात नोंदवतं आणि तिथेच टाकून देतं. ना उत्तर, ना पोच. दारावर पाटी लावावी तसा प्रकार आहे. कोणी वाचली का, याची चौकशी पाटी करत नाही.

मानकाचं नाव आयईईई ८०२.१एबी. पहिली आवृत्ती २००५ ची, पुढे २००९ आणि २०१६ मध्ये सुधारित आवृत्त्या आल्या. फ्रेममधली माहिती छोट्या तुकड्यांत भरलेली असते, त्यांना टीएलव्ही म्हणतात: आधी प्रकार, मग लांबी, मग मजकूर. चॅसिस आयडी (यंत्राची ओळख), पोर्ट आयडी आणि टीटीएल (माहिती खरी मानायची मुदत) हे तीन तुकडे सक्तीचे. यंत्राचं नाव, वर्णन, पोर्टचं वर्णन, क्षमता, मॅनेजमेंट ॲड्रेस (यंत्र सांभाळण्यासाठीचा पत्ता) हे सगळं ऐच्छिक. 'ऐच्छिक' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे अर्ध्या तक्रारींचं मूळ तिथेच निघणार आहे.

राउटरपलीकडची यंत्रं दिसतील का?

नाही. स्विचपलीकडचीही सहसा नाहीत. फक्त केबलचं दुसरं टोक.

आमच्याकडे सीडीपी चालूच आहे. मग हे वेगळं कशाला?

सगळा कारभार एकाच कंपनीचा असेल तर घाई नाही. सीडीपी (सिस्को डिस्कव्हरी प्रोटोकॉल) सिस्कोचं स्वतःचं आहे, १९९४ पासूनचं, आणि कॅटलिस्टवर ते आपोआप चालू असतं. दर ६० सेकंदांनी बोलतं, नोंद १८० सेकंद टिकते. त्याचा एक गुण मला अजूनही आवडतो: ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्क, वाहणाऱ्या लिंकच्या) दोन टोकांना नेटिव्ह (बिनखुणेच्या फ्रेमचा) व्हीलॅन वेगळा असेल किंवा डुप्लेक्स (एकाच वेळी बोलायचं-ऐकायचं की आलटून-पालटून) जुळत नसेल, तर ते कन्सोलवर लगेच ओरडायला लागतं. एलएलडीपीच्या फ्रेममधूनही ही माहिती जाऊ शकते, पण तुलना करून ओरडायचं की गप्प बसायचं हे ज्या त्या कंपनीने ठरवलेलं असतं.

पण हल्ली एकाच घराण्याचं सामान कुणाकडे असतं? स्विच एकाचे, ॲक्सेस पॉइंट दुसऱ्याचे, फोन तिसऱ्याचे, फायरवॉल चौथ्याचा. या सगळ्यांना कळणारी समाईक बोली एलएलडीपी हीच आहे. दोन्ही एकत्र चालू ठेवली तरी भांडत नाहीत, पत्तेही वेगळे. सीडीपी ०१:००:०सी:सीसी:सीसी:सीसी या मल्टिकास्ट (अनेकांसाठीच्या) पत्त्यावर जातं, एलएलडीपी साधारणपणे ०१:८०:सी२:००:००:०ई वर.

कॅटलिस्टवर चालू कसं करायचं?

कॉन्फिगरेशन मोडमध्ये जाऊन एकच ओळ:

एलएलडीपी रन

झालं. ही ओळ दिली नाही तोवर कॅटलिस्टवर एलएलडीपी बंद असतं. 'शो एलएलडीपी नेबर्स' दिल्यावर एलएलडीपी चालू नाही असा निरोप आला, तर हीच ओळ राहिली आहे असं समजा. ती दिली की सगळ्या पोर्टवर पाठवणं आणि ऐकणं दोन्ही सुरू होतं. एखाद्या पोर्टवर यातलं काही नको असेल तर त्या इंटरफेसमध्ये जाऊन:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट १/०/४८
नो एलएलडीपी ट्रान्समिट
नो एलएलडीपी रिसीव्ह

पाठवणं आणि ऐकणं ही दोन वेगळी बटणं आहेत. एक बंद, एक चालू असं ठेवता येतं. पण ते विचार करून करा. फोनच्या प्रश्नात याचा एक नमुना येतो.

चालू झालं की नाही हे 'शो एलएलडीपी' सांगतं, पोर्टनिहाय स्थिती 'शो एलएलडीपी इंटरफेस' सांगतं. आणि किती फ्रेम गेल्या, किती आल्या, किती टाकून दिल्या हे 'शो एलएलडीपी ट्रॅफिक' मधून कळतं. ही तिसरी कमांड फारसं कोणी वापरत नाही, पण गडबड कुठल्या बाजूला आहे ते तीच सांगते.

दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर?

सिस्कोच्याच नेक्ससवर आधी 'फीचर एलएलडीपी' द्यावं लागतं. ज्युनिपरवर 'सेट प्रोटोकॉल्स एलएलडीपी इंटरफेस ऑल', आणि हो, नंतर 'कमिट'. ते विसरणारा प्रत्येक बॅचमध्ये एक तरी असतो. अरिस्टावर आणि एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह घराण्यात ते मुळातच चालू असतं. प्रोकर्व्हवर तक्ता पाहायची कमांड तेवढी निराळी आहे, 'शो एलएलडीपी इन्फो रिमोट-डिव्हाइस'.

मायक्रोटिकची तऱ्हा वेगळी. तिथे सीडीपी, एलएलडीपी आणि त्यांचं स्वतःचं एमएनडीपी अशा तिन्ही बोली एकाच 'आयपी नेबर' मेन्यूत आहेत. कोणत्या पोर्टवर ओळखपाळख करायची हे 'डिस्कव्हरी-सेटिंग्ज' मधली इंटरफेस यादी ठरवते. शेजारी दिसत नसेल तर आधी त्या यादीत तुमचा पोर्ट आहे का ते पाहा.

स्वस्तातल्या वेब-मॅनेज्ड स्विचवर मेन्यूत कुठेतरी एलएलडीपीचं पान सापडतं. तिथे दोन जागी टिक करावी लागते: एकदा संपूर्ण स्विचसाठी, एकदा पोर्टसाठी. लोक पहिली करतात आणि चहाला जातात.

तक्ता वाचायचा कसा?

'शो एलएलडीपी नेबर्स' दिल्यावर पाच रकाने येतात: पलीकडच्या यंत्राचं नाव, आपला पोर्ट, होल्ड-टाइम (नोंद किती सेकंद टिकते), क्षमता आणि पलीकडचा पोर्ट. नवख्या माणसाची हमखास चूक म्हणजे दोन पोर्टांची अदलाबदल. 'लोकल' लिहिलेला पोर्ट तुम्ही ज्या स्विचवर बसला आहात त्याचा. शेवटच्या रकान्यातला शेजाऱ्याचा. रात्री दोन वाजता, दूरवरच्या शाखेतला पोर्ट फोनवरून बंद करायला सांगताना, ही अदलाबदल महागात पडते.

क्षमतेच्या रकान्यात एकेक अक्षर असतं. बी म्हणजे ब्रिज, आपल्या भाषेत स्विच. आर राउटर, टी टेलिफोन, डब्ल्यू वायरलेस ॲक्सेस पॉइंट, एस म्हणजे साधं स्टेशन. एकाच यंत्रापुढे 'बी' आणि 'आर' दोन्ही दिसले तर तो बहुधा लेयर थ्री स्विच, म्हणजे राउटरचंही काम करणारा स्विच आहे.

लांब नावं या तक्त्यात कापली जातात. एकाच शाखेच्या सगळ्या स्विचना 'पुणे-मुख्यालय-तिसरामजला-' अशा धर्तीची नावं दिली असतील, तर सगळी सारखीच दिसतील आणि फरक नेमका कापलेल्या भागात राहील. नाव देताना वेगळेपण आधी, पत्ता नंतर. पूर्ण माहिती हवी असेल तर शेवटी 'डिटेल' जोडा. त्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मॅनेजमेंट ॲड्रेसही येतो.

नावाच्या जागी नुसता मॅक ॲड्रेस दिसतो. काही बिघडलंय का?

नाही. सिस्टिमचं नाव ऐच्छिक तुकड्यांत मोडतं. पलीकडच्याने ते पाठवलं नाही तर स्विच सक्तीचा चॅसिस आयडी दाखवतो, आणि तो बहुतेक वेळा मॅक ॲड्रेस (हार्डवेअरचा पत्ता) असतो. साधे संगणक, प्रिंटर, काही कॅमेरे एवढंच बोलतात. सर्व्हर असं दाखवत असेल तर मात्र खालचा सर्व्हरचा प्रश्न वाचा.

सगळं केलं, तरी एकही शेजारी दिसत नाही.

या एका प्रश्नावर माझे सर्वांत जास्त तास गेले असतील, म्हणून सावकाश सांगतो.

आधी पोर्ट खरंच 'अप' आहे का ते बघा. हसू नका.

मग ३० सेकंद थांबा. एलएलडीपीची फ्रेम दर ३० सेकंदांनी जाते. कमांड देऊन पाचव्या सेकंदाला तक्ता रिकामा असणं हा दोष नव्हे. नव्या शेजाऱ्याची चाहूल लागली की काही यंत्रं सुरुवातीला सेकंदागणिक फ्रेम सोडतात, पण त्यावर विसंबू नका.

मग 'शो एलएलडीपी ट्रॅफिक' दोनदा द्या, मध्ये मिनिटभर जाऊ द्या. पाठवलेल्यांचा आकडा वाढतोय आणि आलेल्यांचा जागचा हलत नाही, म्हणजे आपण बोलतोय, समोरचा गप्प आहे. अशा वेळी पलीकडच्या टोकाला जाऊन बघायला हवं. आपल्या बाजूला कितीही खाटखूट केली तरी उपयोग नाही. आलेल्यांचा आकडा वाढतोय पण टाकून दिलेल्यांचाही वाढतोय, तर फ्रेम येते आहे पण स्विचला ती पटत नाही. आणि पाठवलेल्यांचाच आकडा थांबलेला असेल तर पाठवणं आपल्याच बाजूला बंद आहे; पोर्टवर कोणी 'नो एलएलडीपी ट्रान्समिट' देऊन ठेवलंय का ते 'शो एलएलडीपी इंटरफेस' मध्ये बघा.

समोरचा फक्त सीडीपी बोलत असेल ही शक्यता तपासा. 'शो सीडीपी नेबर्स' दिल्यावर तो तिथे निवांत बसलेला सापडतो. व्हीएमवेअरचा साधा व्हर्च्युअल स्विच याचं ठळक उदाहरण आहे: त्याला सीडीपीच कळतं. एलएलडीपी हवं असेल तर डिस्ट्रिब्युटेड स्विच लागतो.

शेवटी मधला मध्यस्थ. दोन स्विचच्या मध्ये तिसरा मॅनेज्ड स्विच असेल आणि त्यावर एलएलडीपी बंद असेल, तर तुमची फ्रेम तिथेच संपू शकते. ०१:८०:सी२ ने सुरू होणारा हा राखीव पत्ता मुळात पुढे न पाठवण्यासाठीच ठेवलेला आहे. दूरसंचार कंपनीच्या लिंकवर दुसऱ्या टोकाचा स्विच दिसतो की नाही हे म्हणूनच त्यांच्या यंत्रांवर अवलंबून असतं.

एवढं करूनही उलगडा झाला नाही तर केबल काढून लॅपटॉपला लावा आणि वायरशार्क या फ्रेम उघडून दाखवणाऱ्या साधनात 'एलएलडीपी' हा फिल्टर टाका. फ्रेम दिसली तर दिसली. ३० सेकंदांत कळतं, आणि वादाला जागा राहत नाही.

एकाच पोर्टवर दोन शेजारी दिसतात. एका केबलला दोन टोकं कशी?

चाकणच्या एका कारखान्यात मला हे पहिल्यांदा भेटलं. भिंतीवरच्या नकाशात एक सरळ रेघ होती: मुख्य स्विचपासून स्टोअरच्या स्विचपर्यंत. तक्त्यात त्या पोर्टवर स्टोअरचा स्विचही होता आणि गेटवरच्या केबिनचा ॲक्सेस पॉइंटही. इलेक्ट्रिशियन, सुपरवायझर आणि मी असे तिघे अर्धा तास वाद घालत होतो की असं होऊच शकत नाही. मग शिडी आणली. फॉल्स सीलिंगच्या वर, धुळीत, एक पाच पोर्टांचा डबडा स्विच दिवा लुकलुकवत बसला होता. कोणी ठेवला, कधी ठेवला, कोणालाच सांगता आलं नाही. नकाशा खोटं बोलत होता, सुपरवायझर मनापासून बोलत होता, आणि खरं फक्त तक्त्याला माहीत होतं.

कारण असं की अनेक अनमॅनेज्ड (कॉन्फिगर न करता येणारे) स्विच तो राखीव पत्ता पाळत नाहीत. फ्रेम साध्या मल्टिकास्टसारखी सगळीकडे उधळतात. मग पलीकडचे सगळे एकाच पोर्टवर दिसू लागतात. दोन शेजारी दिसले की मधे कोणीतरी न बोलणारा बसला आहे, असा माझा पहिला अंदाज असतो. दुसरा अंदाज: टेबलावरचा आयपी फोन आणि त्याच्या मागे लावलेला संगणक. तो अर्थातच निरुपद्रवी.

केबल काढली तरी शेजारी तसाच दिसतो.

टीटीएल संपेपर्यंत दिसू शकतो. नेहमीचं गणित ३० सेकंद गुणिले ४, म्हणजे १२० सेकंद. यंत्राने रीतसर निरोप घेतला, म्हणजे पोर्ट कमांडने बंद केला, तर ते शून्य टीटीएलची फ्रेम पाठवतं आणि नोंद ताबडतोब पुसली जाते. केबल उपटली तर निरोप घ्यायला वेळच मिळत नाही, मग बऱ्याच स्विचवर दोन मिनिटं जुनी नोंद रेंगाळते. केबलींची अदलाबदल करून लगेच तक्ता पाहणाऱ्याला म्हणून जुने आणि नवे असे दोन्ही शेजारी दिसतात. 'क्लिअर एलएलडीपी टेबल' द्या आणि नव्याने बघा.

टायमर कमी करू का?

करता येतो: 'एलएलडीपी टायमर', 'एलएलडीपी होल्डटाइम'. पण कशासाठी? लिंक तुटल्याचं कळायला ही यंत्रणा नाही, त्यासाठी दुसरी साधनं आहेत. मी तरी ३० आणि १२० ला हात लावत नाही. कमी केलाच तर होल्डटाइम टायमरच्या तिप्पट-चौपट ठेवा. दोन्ही सारखे ठेवलेत तर एक फ्रेम हुकली की शेजारी गायब, पुढची आली की हजर, आणि मॉनिटरिंगवाला रात्रभर जागा.

याने स्विचवर भार पडतो का?

३० सेकंदांतून एक फ्रेम. नाही.

आयपी फोन व्हॉइस व्हीलॅनमध्ये जात नाही. एलएलडीपीशी संबंध आहे का?

दाट संबंध आहे. फोन सुरू होतो तेव्हा आपण कोणत्या व्हीलॅनमध्ये बसायचं हे त्याला माहीत नसतं. ते त्याला स्विच सांगतो, एलएलडीपी-मेड या विस्तारातून. टीआयए-१०५७ नावाने २००६ मध्ये आलेलं हे मानक. त्यातला 'नेटवर्क पॉलिसी' तुकडा तीन गोष्टी सांगतो: व्हॉइस व्हीलॅनचा क्रमांक, लेयर टूची (फ्रेमवरची) प्राथमिकता आणि डीएससीपी (आयपी पाकिटावरची प्राथमिकता). आवाजासाठी नेहमीचे आकडे म्हणजे प्राथमिकता ५ आणि डीएससीपी ४६.

कॅटलिस्टवर पोर्टची मांडणी साधी आहे:

स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०
स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन २०

आता मेख ऐका. कॅटलिस्ट सुरुवातीला मेडचे तुकडे पाठवतच नाही. फोनकडून मेडची फ्रेम आली की मगच स्विच त्याच भाषेत बोलायला लागतो. फोनची नोंद संपली की पुन्हा साध्या एलएलडीपीवर येतो. म्हणजे पाहुणा आधी बोलला पाहिजे. आता विचार करा: एखाद्या सावध इंजिनिअरने सुरक्षेसाठी सगळ्या टेबलांच्या पोर्टवर 'नो एलएलडीपी रिसीव्ह' दिलं. पाठवणं चालूच ठेवलं, कारण फोनला माहिती पाठवायची आहे असा त्याचा हिशोब. पण स्विचचे कान बंद, फोनची फ्रेम ऐकूच येत नाही, मेड कधी सुरूच होत नाही, आणि फोन संगणकांच्या व्हीलॅनमधला ॲड्रेस घेऊन बसतो. कॉन्फिगरेशन वाचणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं. फोनच्या पोर्टवर दोन्ही बाजू चालूच ठेवाव्या लागतात.

फोनच्याच मेन्यूत एलएलडीपी बंद करून ठेवलेलं असतं, तेही बघा. जुना फोन दुसऱ्या शाखेतून आणला असेल तर त्यात हाताने भरलेला व्हीलॅन क्रमांक राहून गेलेला असतो. आधी फॅक्टरी रिसेट, मग तपास.

ॲक्सेस पॉइंट चालतो पण पूर्ण ताकदीने नाही. कमी वीज मिळतेय असं दाखवतो.

पीओईच्या (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याच्या) ८०२.३एटी या २००९ च्या मानकात यंत्राला २५.५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते; त्याआधीच्या ८०२.३एएफमध्ये मर्यादा १२.९५ वॅट होती. वरच्या मर्यादेची वीज मागायचा एक रस्ता एलएलडीपीमधून जातो. ॲक्सेस पॉइंट म्हणतो मला इतके वॅट हवेत, स्विच म्हणतो इतके दिले. घासाघीस ०.१ वॅटच्या पायऱ्यांनी होते, भाजीबाजाराला लाजवेल इतकी बारीक. पोर्टवर एलएलडीपी बंद असेल तर काही ॲक्सेस पॉइंट जुन्या मर्यादेत राहतात आणि एखादा रेडिओ किंवा यूएसबी पोर्ट बंद ठेवतात. 'शो पॉवर इनलाइन' मध्ये त्या पोर्टला किती वॅट दिलेत ते आधी पाहा. आकडा १५ च्या आसपास (यंत्राला मिळणारे १२.९५ अधिक केबलमधली घट) अडकला असेल तर संशय इथेच घ्या. स्विचचा एकूण वीजसाठा संपला असेल तर मात्र एलएलडीपी काय करणार!

स्पॅनिंग ट्रीने बंद केलेल्या पोर्टवर शेजारी दिसतो, हे कसं?

बरोबर आहे ते. स्पॅनिंग ट्री (लूप टाळण्यासाठी पोर्ट बंद ठेवणारी यंत्रणा) साधी रहदारी अडवतं. एलएलडीपी त्याच्या खालून जातं. लूपच्या शोधात असाल तर हा फारच सोयीचा गुण आहे. तसंच पोर्ट-चॅनलचं (अनेक केबली मिळून केलेली एक लिंक): शेजारी एकत्र केलेल्या चॅनलवर न दिसता त्यातल्या प्रत्येक केबलवर वेगळा दिसतो. चार केबलींपैकी एक चुकून भलत्याच स्विचमध्ये गेली असेल तर ती इथे पकडता येते.

लिनक्स सर्व्हर तक्त्यात आणायचा आहे.

एलएलडीपीडी हे पॅकेज टाका, सेवा सुरू करा, आणि सर्व्हरच्या बाजूने 'एलएलडीपीसीएलआय शो नेबर्स' द्या. हा सर्व्हर कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टात आहे हे डेटा सेंटरमध्ये न जाता कळतं. माझ्या मते दर सर्व्हरवर हे असायलाच हवं.

सिस्टिमडी-नेटवर्कडी वापरत असाल तर ते मुळात ऐकतं, पण बोलत नाही. सर्व्हरला स्विच दिसतो, स्विचला सर्व्हर दिसत नाही. बोलायला लावायचं तर 'एमिटएलएलडीपी' ही सेटिंग चालू करावी लागते.

दोन खाचखळगे. इंटेलच्या ७०० मालिकेतल्या नेटवर्क कार्डांत एलएलडीपी एजंट कार्डाच्या फर्मवेअरमध्येच असतो आणि येणाऱ्या फ्रेम तो स्वतःच गिळतो. ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत काही पोचतच नाही. टीसीपीडंप (फ्रेम पकडणारी कमांड) लावलं तरी शुकशुकाट, आणि स्विचवर मात्र नुसत्या मॅक ॲड्रेसचा शेजारी. इथटूल या कार्डाच्या सेटिंग्ज बदलणाऱ्या कमांडने 'डिसेबल-एफडब्ल्यू-एलएलडीपी' हा प्रायव्हेट फ्लॅग 'ऑन' केला की मार्ग मोकळा होतो. ते कार्ड डेटा सेंटर ब्रिजिंगसाठी वापरत असाल तर मात्र बंद करण्याआधी विचार करा.

दुसरा खळगा लिनक्स ब्रिजचा (सॉफ्टवेअरमधल्या स्विचचा). व्हर्च्युअल मशीनला बाहेरचा स्विच दिसत नाही, कारण ब्रिज तो राखीव पत्ता पुढे जाऊ देत नाही. ब्रिजच्या 'ग्रुप_एफडब्ल्यूडी_मास्क' मध्ये १६३८४ लिहिलं की जाऊ देतो. पण व्हर्च्युअल मशीनला बाहेरचा स्विच का दिसायला हवा, याचं उत्तर आधी स्वतःला द्या. लॅबमध्ये ठीक, चालत्या सर्व्हरवर मला तरी कारण सापडलेलं नाही.

सुरक्षेचं काय? ऑडिटवाले म्हणतात सगळीकडे बंद करा.

ऑडिटवाल्यांची भीती खोटी नाही, त्यांचा उपाय मात्र आळशी आहे.

भीती अशी: एलएलडीपीत ओळख पटवण्याची काहीच सोय नाही. ना पासवर्ड, ना सही. जो जे सांगेल ते तक्त्यात जातं. लॅपटॉपवरून खोटी फ्रेम सोडून मी स्वतःला तुमचा कोअर स्विच म्हणवून घेऊ शकतो, किंवा फोन असल्याचं सोंग करून व्हॉइस व्हीलॅनचा क्रमांक काढून घेऊ शकतो. दुसरीकडे तुमचा स्विच प्रत्येक टेबलापाशी मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मॅनेजमेंट ॲड्रेस जाहीर करत बसलेला असतो. चोराला घराची चावी मिळत नाही, पण कुलूप कोणत्या बनावटीचं ते कळतं. आणि फ्रेम वाचणाऱ्या कोडमध्येच चूक असू शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस या सुरक्षा कंपनीने सिस्कोच्या सीडीपी वाचणाऱ्या कोडमधल्या पाच त्रुटी जाहीर केल्या, त्यांतल्या चारांमधून यंत्रावर परका कोड चालवता येत होता. त्यामुळे ऐकणं हे निरुपद्रवी असतं, असं समजू नका.

मग मी काय करतो? स्विच-स्विचमधल्या लिंक, सर्व्हर, ॲक्सेस पॉइंट, फोन: दोन्ही चालू. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे, भाडेकरूकडे किंवा दुसऱ्या संस्थेकडे जाणारा पोर्ट: दोन्ही बंद, आणि त्याबरोबर 'नो सीडीपी एनेबल' सुद्धा. एलएलडीपी बंद करून सीडीपी तसंच सोडणं म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवणं. स्वागतकक्ष, बैठकीची खोली, वाचनालय अशा जागांचे उघडे सॉकेट: दोन्ही बंद, तिथे फोन नसेल तर. साध्या टेबलांवर वाद होऊ शकतो. फोन आज इथे, उद्या तिथे हलत असतील तर मी चालू ठेवतो.

बंद करणं जमत नसेल तिथे निदान बडबड कमी करता येते. 'एलएलडीपी टीएलव्ही-सिलेक्ट' ही कमांड कोणते ऐच्छिक तुकडे पाठवायचे ते ठरवते. सिस्टिम डिस्क्रिप्शन आणि मॅनेजमेंट ॲड्रेस वगळले तर बाहेरच्याला मिळणारी माहिती बरीच आटते. पोर्ट डिस्क्रिप्शनही फ्रेममधून जातं हे विसरू नका. कोणीतरी मोठ्या प्रामाणिकपणे 'तिजोरी कॅमेरा' असं लिहून ठेवलेलं असतं.

या तक्त्यावरून नेटवर्कचा नकाशा आपोआप काढता येतो का?

हो, आणि माझ्या मते हाच एलएलडीपी चालू करण्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. स्विच हा तक्ता एसएनएमपी या यंत्रांची माहिती विचारायच्या प्रोटोकॉलवरून देतो. लिब्रेएनएमएससारखं मॉनिटरिंग साधन एका स्विचचा तक्ता वाचतं, त्यातल्या शेजाऱ्यांकडे जातं, मग त्यांच्या शेजाऱ्यांकडे. त्यासाठी सगळीकडे एसएनएमपीची ओळखपत्रं जुळायला हवीत आणि स्विचची नावं ठेवलेली हवीत. पाच स्विचचं नाव नुसतं 'स्विच' असेल तर नकाशात जे दिसेल त्याला कोलाज म्हणतात.

असा नकाशा निघाला की भिंतीवरच्या जुन्या नकाशाशी ताडून बघा. फरक सापडतील. सापडले नाहीत तर नवा नकाशा अर्धवट निघालाय का, ते आधी तपासतो मी.

काल सगळं दिसत होतं, आज स्विचवर एलएलडीपी बंद. कोणी केलं?

बहुधा कोणीच नाही. काल 'एलएलडीपी रन' दिलंत, पण 'राइट मेमरी' द्यायचं राहिलं. रात्री लाइट गेली होती का, ते वॉचमनला विचारा.